खो-खो ऑलिंपिकमध्ये का नाही? स्पर्धांमधले खेळ कोण आणि कसे निवडतं

पुण्यातल्या एका शाळेच्या मैदानावर खो-खो शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कबड्डी आशियाई स्पर्धेत आहे, क्रिकेट आता ऑलिंपिकमध्ये येतंय, ब्रेकिंगसारखा नाच येऊन गेला, मग खो-खो कुठे अडला? हे ठरवतं कोण? आणि आज बारा वर्षांच्या असलेल्या मुलींना त्यात काही आशा आहे का?

आधी सरळ उत्तर देतो. खेळाला पात्र बनवतं त्याचं आंतरराष्ट्रीय फेडरेशन. त्याला जागा मिळवून देतो यजमान. आणि ती जागा मैदानाच्या फुटांत मोजत नाहीत, खेळाडूंची डोकी मोजून ठरवतात. खो-खो अजून पहिल्याच पायरीवर आहे. खेळात काही उणं आहे म्हणून तो तिथे थांबलेला नाही. खेळाभोवती जी यंत्रणा उभी राहावी लागते ती उशिरा उभी राहू लागली.

हे समजून घ्यायला पुण्याचंच उदाहरण पुरेसं आहे. दोन खेळांचे नियम या शहरात बांधले गेले. १८७३ साली इथल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी बॅडमिंटनचे नियम लिहिले. त्या काळी खेळाला ‘पूना’च म्हणत. १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम पहिल्यांदा शिस्तीत बसवले गेले. आता पुढचा प्रवास पाहा. बॅडमिंटनची इंग्लंडमधली संघटना १८९३ची. १९३४ साली नऊ देशांच्या संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय फेडरेशन काढलं. १९४९ला थॉमस कप सुरू झाला, १९६२ला खेळ आशियाई स्पर्धेत आला, १९७२ला म्युनिकमध्ये प्रात्यक्षिक झालं आणि १९९२ला बार्सिलोनात पदकं मिळाली. म्हणजे आंतरराष्ट्रीय फेडरेशन निघाल्यावरसुद्धा ५८ वर्षं लागली. खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६०ची, विजयवाड्याला. पहिली आशियाई स्पर्धा १९९६ची, कोलकात्याला. दक्षिण आशियाई स्पर्धेत प्रवेश २०१६चा, गुवाहाटीत. पहिला विश्वचषक जानेवारी २०२५चा, दिल्लीत. नियम झाल्यापासून पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायला ८२ वर्षं गेली. खरा तोटा त्या काळात झाला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ तिथे करून दाखवले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यावरून ‘कबड्डी ऑलिंपिकमध्ये होती, मग काढली’ असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. ऑलिंपिकचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ ही वेगळी यादी असायची आणि कबड्डी त्या यादीत नव्हती. तो प्रात्यक्षिकांचा प्रकारही १९९२नंतर बंद झाला. तायक्वांदो १९८८ आणि १९९२ला प्रात्यक्षिक म्हणून खेळला आणि २०००ला पदकाचा खेळ झाला. आज तशी पायरीच राहिलेली नाही, त्यामुळे ‘एकदा दाखवू तरी द्या’ ही मागणी ऑलिंपिकच्या दारात चालत नाही.

आता ऑलिंपिकची पद्धत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती खेळाशी थेट व्यवहार करत नाही, खेळाच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनशी करते. त्या फेडरेशनला आधी समितीची मान्यता लागते. ती बहुतेक वेळा दोन टप्प्यांत मिळते, आधी तात्पुरती, मग पूर्ण. मुए थाय आणि चिअरलीडिंगच्या फेडरेशनांना तात्पुरती मान्यता डिसेंबर २०१६ला मिळाली, पूर्ण मान्यता जुलै २०२१ला. एवढं होऊनही मान्यता म्हणजे प्रवेश नव्हे. स्क्वॉशला मान्यता १९८६ची. २००५, २००९ आणि २०१३ अशा तीन वेळा तो मतदानात किंवा निवडीत मागे पडला आणि अखेर २०२८च्या लॉस एंजेलिसच्या यादीत आला. बुद्धिबळ आणि ब्रिज मान्यताप्राप्त आहेत, ऑलिंपिकमध्ये नाहीत. नेटबॉलचीही तीच गत.

मान्यतेसाठी काय तपासतात? पूर्वी ऑलिंपिक सनदेत आकडा छापलेलाच होता: पुरुषांचा खेळ किमान ७५ देशांत आणि चार खंडांत, महिलांचा ४० देशांत आणि तीन खंडांत खेळला जायला हवा. आता तशी एकच रेघ आखलेली नाही, पण मापाचा अंदाज यावा म्हणून तो आकडा लक्षात ठेवावा. खो-खोच्या विश्वचषकात २३ देशांचे संघ होते. फेडरेशनचे सदस्य देश त्याहून जास्त असू शकतात, तरी अंतर दिसतंच. शिवाय देश मोजताना नुसता संघ आला की मोजत नाहीत. त्या देशात नोंदणीकृत राष्ट्रीय फेडरेशन आहे का, तिला तिथल्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्य केलंय का, तिची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा नियमित होते का, हे पाहतात. परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी हौसेने उभा केलेला संघ कौतुकाचा असतो, पण त्या कागदावर तो शून्य धरला जातो. नवीन खेळांचा इथेच सर्वात मोठा घोळ होतो: विश्वचषकासाठी संघ गोळा होतात आणि स्पर्धा संपली की त्या देशात खेळाचं काहीच उरत नाही.

दुसरी अट उत्तेजकांची. फेडरेशनने जागतिक उत्तेजकविरोधी संहिता स्वीकारायची असते. नुसती सही करून चालत नाही. स्पर्धेव्यतिरिक्तच्या काळातही खेळाडूंच्या चाचण्या घ्याव्या लागतात. वरच्या फळीतल्या खेळाडूला रोज एक तास आपण नेमके कुठे सापडू ते आधी कळवून ठेवावं लागतं. मातीवरून थेट आंतरराष्ट्रीय मॅटवर गेलेल्या खेळाडूला ही सवय नसते. गावातल्या वैद्याची पुडी किंवा जिममधल्या ओळखीच्याने दिलेली पावडर करिअर संपवू शकते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि फटका एकट्या खेळाडूला बसत नाही. वेटलिफ्टिंगचं पाहा: रिओत २६० खेळाडू होते, टोकियोत १९६, पॅरिसमध्ये १२०. वजनगट १५चे १४ आणि मग १० झाले. उत्तेजकांची प्रकरणं आणि फेडरेशनचा कारभार, या दोन गोष्टींनी खेळ अर्ध्यावर आला.

कारभार हा शब्द मुद्दाम वापरतोय. बॉक्सिंगच्या जुन्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनला २०१९ला निलंबित केलं, जून २०२३ला तिची मान्यता काढून घेतली. टोकियो आणि पॅरिसचं बॉक्सिंग समितीने स्वतः चालवलं. फेब्रुवारी २०२५ला नव्या फेडरेशनला तात्पुरती मान्यता मिळाली, तेव्हा कुठे मार्चमध्ये २०२८साठी बॉक्सिंग पक्कं झालं. सगळ्या खंडांत खेळला जाणारा, शंभराहून अधिक वर्षांचा खेळ हिशेबाच्या वह्यांवरून लटकू शकतो. मग नव्या खेळाच्या दोन संघटना कोर्टात भांडत असतील तर त्याचं काय होईल?

आता मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग, कोटा, म्हणजे खेळाडूंच्या ठरवून दिलेल्या जागा. डिसेंबर २०१४ला समितीने मोनॅकोत जे सुधारणांचे ठराव केले, त्यात उन्हाळी ऑलिंपिकसाठी साधारण १०,५०० खेळाडू आणि ३१० पदक-प्रकार अशी मर्यादा घातली आणि त्याच वेळी यजमानाला आपल्या एका स्पर्धेपुरते जादा खेळ सुचवण्याची मुभा दिली. खेळांची मूळ यादी साधारण सात वर्षं आधी ठरते, त्यातले पदक-प्रकार आणि खेळाडूंचे आकडे तीन वर्षं आधीपर्यंत. यजमानाचे जादा खेळ याहून उशिरा येऊ शकतात. लॉस एंजेलिसचे पाच खेळ, म्हणजे बेसबॉल-सॉफ्टबॉल, क्रिकेट, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रॉस आणि स्क्वॉश, १६ ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या अधिवेशनात मंजूर झाले. स्पर्धेला तेव्हा पाच वर्षंही उरली नव्हती.

टोकियोच्या जादा खेळांचा हिशेब सर्वात शिकवणारा आहे. पाच खेळ मिळून ४७४ खेळाडू: बेसबॉल १४४, सॉफ्टबॉल ९०, कराटे ८०, स्केटबोर्डिंग ८०, क्लाइंबिंग ४०, सर्फिंग ४०. म्हणजे दोन सांघिक प्रकारांनी निम्म्याच्या आसपास जागा खाल्ली आणि सुवर्णपदकं दिली दोनच. आयोजकाच्या नजरेतून सांघिक खेळ हा असा महाग असतो. क्रिकेटला २०२८साठी पुरुष आणि महिला प्रत्येकी सहा संघ, १५ जणांचा एक, मिळून १८० जागा मिळाल्या. क्रिकेटमागे दक्षिण आशियाचा प्रेक्षक आहे म्हणून यजमानाला ते परवडतं.

खो-खोसाठी हाच हिशेब करा. १५ जणांचा संघ, आठ संघ, मुलं-मुली दोन्ही: २४० जागा आणि पदकांच्या स्पर्धा दोन. कोणताही आयोजक कागद परत करेल. संघ १२ जणांचा केला आणि संघ सहा ठेवले तर १४४. हा आकडा टेबलावर ठेवता येतो. म्हणून जे खेळ आत गेले त्यांनी आपलं लहान रूप तयार केलं: रग्बी सेव्हन्स, ३ बाय ३ बास्केटबॉल, टी-ट्वेंटी, लॅक्रॉसचं सहा जणांचं रूप. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं आहे. हँडबॉलचं ४० बाय २० असतं. म्हणजे हँडबॉलच्या हॉलमध्ये मॅट अंथरून दोन खांब रोवले की खो-खो बसतो, वेगळं स्टेडियम लागत नाही. नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या म्हणजे विश्रांती धरून सामना तासाभरात आटोपतो. मुली आणि मुलगे एकाच मैदानावर, एकाच नियमांनी खेळतात. या तीन गोष्टी खो-खोच्या बाजूच्या आहेत, आणि आपल्याकडे भाषणात खेळाची प्राचीनता सांगितली जाते पण या तीन ओळी कुणी सांगत नाही. प्राचीनतेला गुण नाहीत.

आत गेलेला खेळही कायमचा आत नसतो. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल २००५च्या मतदानात बाहेर पडले, टोकियोला परतले, पॅरिसला नव्हते, २०२८ला पुन्हा आहेत. कराटे टोकियोपुरतं आलं आणि गेलं. ब्रेकिंग पॅरिसपुरतं. कुस्तीची गोष्ट तर महाराष्ट्राने विसरू नये, कारण स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक १९५२ला खाशाबा जाधवांनी कुस्तीतच आणलं. फेब्रुवारी २०१३ला समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२०पासून कुस्ती मुख्य यादीतून वगळण्याची शिफारस केली. त्यानंतर सात महिन्यांत फेडरेशनने काय केलं ते पाहण्यासारखं आहे: अध्यक्ष बदलला, सामन्याचे नियम बदलून तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्रित गुण केले, महिलांचे वजनगट चारचे सहा केले आणि त्यासाठी पुरुषांच्या फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमनमधला एकेक गट सोडला. सप्टेंबरमध्ये ब्यूनस आयर्सला कुस्तीला ४९ मतं पडली, बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४, स्क्वॉशला २२. मोर्चे निघाले, सह्या गोळा झाल्या, त्याचाही उपयोग झाला असेल. पण मतं मिळाली ती या बदलांवर.

खेळ टिकून आतला एखादा प्रकार जाण्याचं प्रमाण याहून जास्त आहे आणि पालकांना ते उशिरा कळतं. नेमबाजीत रिओनंतर पुरुषांचे ५० मीटर प्रोन (पोटावर पडून रायफल), ५० मीटर पिस्तूल आणि डबल ट्रॅप हे तीन प्रकार गेले आणि त्यांच्या जागी मिश्र सांघिक प्रकार आले. बालेवाडीत सराव करून घडलेल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला पदक जिंकलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. हा प्रकार टिकला होता. फक्त प्रोनमध्ये वर्षं घातलेल्या नेमबाजाला ऑलिंपिकचा रस्ता एका ठरावात बंद झाला.

आशियाई स्पर्धेचा हिशेब सैल आहे आणि आपल्यासाठी तो जास्त कामाचा. आशियाई ऑलिंपिक परिषद ऑलिंपिकमधले खेळ पायाला ठेवते आणि त्यावर आशियाच्या निरनिराळ्या भागांतले खेळ आणि यजमानाची पसंती चढवते. १९५१ला दिल्लीत सहा खेळांनी सुरुवात झाली. हांगझोऊला ४० खेळ आणि ४८१ पदक-प्रकार होते. यजमानाला याचा फायदा किती होतो? जकार्तात २०१८ला इंडोनेशियाने पेंचाक सिलाट हा आपला पारंपरिक लढाईचा खेळ घातला आणि आपल्या ३१ सुवर्णांपैकी १४ त्यातून घेतली. कबड्डीने हाच रस्ता पकडला. १९७८ला आशियाई फेडरेशन, १९८०ला पहिली आशियाई स्पर्धा, १९८२ला दिल्लीत यजमान आपण असताना प्रात्यक्षिक आणि १९९०ला बीजिंगमध्ये पदकाचा खेळ. महिलांची कबड्डी यायला मात्र २०१० उजाडलं. २०१८ला आपला पुरुष संघ दक्षिण कोरियाकडून आणि मग उपांत्य फेरीत इराणकडून हरला, तेव्हा इथे हळहळ झाली. खेळाच्या दृष्टीने ती चांगली बातमी होती. एकच देश कायम जिंकत असलेला खेळ यादीत टिकवणं अवघड जातं.

कबड्डीचा एक धडा खो-खोने आताच घ्यावा. हांगझोऊच्या अंतिम सामन्यात २८-२८ गुण असताना भारताच्या चढाईपटूने कुणाला स्पर्श न करता लॉबीत पाय टाकला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही तिथे गेले. जुन्या नियमाने गुणांचा निकाल एक येत होता, नव्या नियमाने वेगळा. खेळ बराच वेळ थांबला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले. शेवटी भारत ३३-२९ने जिंकला. प्रो कबड्डीसारख्या लीगचे नियम आणि फेडरेशनचे नियम वेगळे चालले की असं होतं. खो-खोतही शाळेचा, राष्ट्रीय स्पर्धेचा आणि लीगचा खेळ पाळीच्या वेळेपासून गुणांपर्यंत वेगवेगळा झाला आहे. बाहेरच्या देशातल्या नव्या प्रशिक्षकाने शिकायचा कोणता? एकच नियमपुस्तक, सोप्या इंग्रजीत आणि निदान फ्रेंच, अरबीत, सोबत पंचांच्या खुणांचे व्हिडिओ, हे काम लाखो रुपयांच्या उद्‌घाटन सोहळ्यापेक्षा आधी व्हायला हवं.

राष्ट्रकुल स्पर्धेत यजमानाचा शब्द सर्वात जड असतो. पुण्यात २००८ला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली ती नऊ खेळांची. गोल्ड कोस्टला २०१८मध्ये भारताची ६६पैकी १६ पदकं नेमबाजीची होती. बर्मिंगहॅमने २०२२ला नेमबाजीच ठेवली नाही. ग्लासगोने २०२६साठी खर्च आवरायला फक्त दहा खेळ ठेवले आणि हॉकी, बॅडमिंटन, कुस्ती, क्रिकेट, टेबल टेनिस, स्क्वॉश सगळे वगळले. बर्मिंगहॅमला आपल्या १२ कुस्तीगिरांनी १२ पदकं आणली होती, त्याचा विचार तिथे होत नाही. २०३०ची स्पर्धा अहमदाबादला आहे. १५ ते १७ खेळांची योजना आहे आणि यजमानाला एक-दोन नवे किंवा पारंपरिक खेळ सुचवता येतात. खो-खोसाठी ही सर्वात जवळची खिडकी. त्यानंतर २०३६: भारतीय ऑलिंपिक संघटनेने ऑक्टोबर २०२४ला समितीकडे यजमानपदाची इच्छा लेखी कळवली आहे. यजमानपद मिळालं तर जादा खेळ सुचवण्याचा हक्क आपल्याकडे येईल. पण सुचवायला फेडरेशन मान्यताप्राप्त लागेल, आणि मान्यतेचे टप्पेच चार-पाच वर्षं खातात. मागून मोजत आलं की अर्जाची फाइल आत्ताच तयार हवी, हे लक्षात येतं.

ताई, तुमच्या मुलींबद्दल. आज बारा वर्षांची मुलगी २०३६ला विशीच्या सुरुवातीला असेल, म्हणजे वय जुळतं. तरी ऑलिंपिकच्या भरवशावर तिला खो-खोत ठेवू नका आणि ऑलिंपिक नाही म्हणून काढूही नका. विश्वचषक जिंकणाऱ्या दोन्ही भारतीय संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे. ते मिळवायचं तर स्पर्धा अधिकृत संघटनेची असावी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते, म्हणून प्रत्येक स्पर्धेच्या वेळी आयोजक कोण, त्यांची संलग्नता कुणाशी, हे विचारून घ्या आणि मूळ कागद जपा. आठवड्यातून निदान दोन दिवस मॅटवर सराव ठेवा, कारण मातीवरची वळण्याची सवय मॅटवर गुडघ्याला आणि घोट्याला भारी पडते. खांबाजवळ वळताना पाय चिकटतो आणि शरीर पुढे जातं. बूट मॅटचे वेगळे घ्या. ज्या मुलीचा ३० मीटरचा वेळ गटात उठून दिसतो तिला सोबत अॅथलेटिक्सच्या जिल्हा स्पर्धेतही उतरवा. सोळाव्या वर्षापर्यंत दोन्ही चालतं. कोणतंही औषध किंवा पावडर घेण्याआधी डॉक्टरला ‘मी खेळाडू आहे’ हे सांगायची सवय आत्तापासून लावा. आणि तुमच्या मैदानावरच्या एखाद-दोन मोठ्या मुलींना पंच परीक्षेला बसवा. उद्या केनियात किंवा कोरियात खो-खो रुजवायचा तर शिट्टी वाजवायला इथूनच कुणीतरी जावं लागेल.